राखीव खेळाडूचे वडील

रविवार, ७ जानेवारी

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी, दुसऱ्या कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतोय, सवय आहे.

कॉलनीच्या ज्युनिअर फुटबॉल क्लबची सूत्रं आज माझ्या हाती आली. अध्यक्षही मीच आणि हेड कोचही मीच. निवड बिनविरोध झाली. कॉलनीतले दंतवैद्य म्हणाले की दुसरं कोणी तयारच होईना. अहो, मग बिनविरोध म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

मी स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही. हा माझा प्लस पॉइंट आहे. खेळलेल्या माणसाला वाईट सवयी लागलेल्या असतात. मी वर्षानुवर्षं टीव्हीवर मॅच बघतोय, आणि नुसता बघत नाही, त्यांना सूचनाही देतो.

संकल्प: रोज सकाळी धावणे, मुलांवर न ओरडणे आणि यंदाचा लीग कप.

क्लबात सगळी बारा वर्षांखालची पोरं. त्यात आमची कन्याही आहे. तिला आजच बजावलं की मैदानावर मी बाबा नाही, सर. तिने विचारलं, मग घरी येताना गाडीत कोण? मुद्दा बिनतोड होता. गाडी सुरू होईपर्यंत सर आणि त्यानंतर बाबा, असं ठरलं.

मंगळवार, ९ जानेवारी

पहिली प्रॅक्टिस. मैदान अर्धंच मिळालं, कारण उरलेल्या अर्ध्यात कॉलनीच्या गाड्या उभ्या असतात. पाण्याच्या टाकीकडचा गोलपोस्ट धडधाकट आहे. पलीकडचा गाड्यांमागे अडकलाय. दुसरा कोणी असता तर हात टेकले असते. मी जागच्या जागी पद्धत बसवली. एकच गोलपोस्ट, गोलकीपर त्यात उभा, बाकी सगळे हल्ला करणार. चेंडू मिळाला की टाकीकडे! बस्स. पोरांकडून तीनदा घोकून घेतलं.

कन्या म्हणाली, पण मॅचमध्ये तर दोन गोल असतात. तिला सांगितलं, फाटे फोडू नकोस. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची असते.

जिराफ म्हणजे आमचा गोलकीपर. उंच आहे, उडीही छान मारतो, फक्त चेंडू आत गेल्यावर मारतो. इंजिन म्हणजे दंतवैद्यांचा मुलगा. धावायला लागला की त्याला थांबता येत नाही, कुंपण आलं की थांबतो.

कन्या बरी खेळते. इथे लिहायला हरकत नाही, सगळ्यांत चांगली तीच खेळते. इंजिनसकट चार जणांना चकवून तिने असा गोल मारला की जिराफ उडी मारायचंही विसरला. मी टाळी वाजवणार होतो, पण पालक बघत होते. हात खिशात घातले.

शुक्रवार, १२ जानेवारी

धावणं अजून सुरू नाही. सकाळी गवतावर दव असतं, पाय घसरायची भीती. कोचच लंगडायला लागला तर टीमने कुणाकडे बघायचं?

दंतवैद्य मुलाला न्यायला आले होते. हसत हसत म्हणाले, काय मग, यंदा कॅप्टन घरचाच वाटतं. माझ्या जिव्हारी लागलं ते. तिथल्या तिथे निर्णय घेतला. कन्या पहिल्या मॅचला राखीव. घराणेशाहीचा आरोप मी ऐकून घेणार नाही.

तिला समजावलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने विचारलं, किती वेळ राखीव? म्हटलं, परिस्थिती बघून. शहाणी पोर आहे, उठून आत गेली. जेवलीही नाही, पण भूक नसेल.

बायको म्हणाली, तत्त्व तुझं आणि बाकावर बसायचं पोरीने, हे बरंय! बायकोला खेळातलं कळत नाही.

रविवार, २१ जानेवारी

पहिली मॅच. समोर स्टेशनपलीकडचा क्लब. त्यांच्या कोच म्हणजे शाळेत पीटी शिकवणाऱ्या एक बाई. गळ्यात सतत शिट्टी, म्हणून मी त्यांना शिट्टीबाई म्हणतो (मनात).

मैदान त्यांचं, दोन्ही बाजूंना गोलपोस्ट. पोरं मैदानात उतरली आणि जागच्या जागी खिळली. सर, टाकी कुठेय? मी प्रसंगावधान राखलं. गोलामागे एक पिवळं घर होतं, त्याकडे बोट दाखवून म्हटलं, ती टाकी समजा. आणि काय खेळली पोरं! हाफटाइमला आपण दोन-शून्यने पुढे. मी शिट्टीबाईंकडे बघून सहानुभूतीने मान हलवली.

हाफटाइमनंतर बाजू बदलतात. हे मला माहीत होतं, टीव्हीवर नेहमी बघतो. मुलांना सांगायचं तेवढं राहिलं.

शिट्टी वाजल्याबरोबर इंजिन चेंडू घेऊन सुटला तो थेट पिवळ्या घराकडे. तिथे आता आपलाच जिराफ उभा होता. जिराफला यात काही वावगं वाटलं नाही, रोज त्याच्यावर आपलीच पोरं चाल करून जातात. गोल झाल्यावर त्याने नेहमीसारखी सुंदर उडी मारली. कन्या बाकावरून घसा फोडून ओरडत होती, उलट! उलट! मी तिला गप्प केलं. बाकाची काही शिस्त असते. माझ्या लक्षात येईपर्यंत असे तीन गोल झाले होते. चौथा त्यांनी स्वतः मारला, बहुधा संकोच वाटून.

चार-दोन. हरलो म्हणायचं तर हरलो. पण अभ्यासूपणे बघितलं तर सहापैकी पाच गोल आपल्या पोरांनी मारलेत. आक्रमण उत्तम आहे.

नंतर शिट्टीबाईंनी विचारलं, ती बाकावरची मुलगी कोण, खेळत नाही का ती? मी म्हटलं, माझीच मुलगी, म्हणूनच राखीव ठेवलीय. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. छाप पडलेली दिसते.

गुरुवार, २५ जानेवारी

कॉलनीला गाड्या हलवायची विनंती केली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गाड्या होत्या तिथेच राहिल्या. मग प्रॅक्टिसचा दुसरा भाग उलट्या दिशेने, म्हणजे गाड्यांकडे घेतला. एका गाडीची काच फुटली. गाडी माझीच. नेम सुधारतोय हे मात्र खरं.

इंजिनला कॅप्टन केलं. आता दंतवैद्यांची दातखीळ बसेल.

कन्या घरातही मला सर म्हणायला लागली आहे. सर, मीठ द्या. सर, उठता का, मला अभ्यासाला बसायचंय. शिस्त अंगी मुरतेय. बायकोला सांगितलं तर तिला कौतुक वाटलं नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

दुसरी मॅच, तीन-शून्य, त्यांच्या बाजूने. दिशा बरोबर होती, हे नमूद करतो.

कन्येला शेवटची पाच मिनिटं उतरवतो असा शब्द दिला होता. ती बुटांच्या नाड्या बांधून रेषेपाशी येऊन उभी राहिली. तेवढ्यात रेफ्रीने ऑफसाइड दिलं. मी त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते समजावून सांगायला गेलो. तो मला समजावायला लागला. त्यात मॅच संपली. पुढच्या वेळी नक्की, असं तिला सांगितलं. ती खाली बसून नाड्या सोडत होती.

थोडं वाईट वाटलं. थोडं कशाला, बऱ्यापैकी वाटलं. पण नियम एकदा वाकवला की सगळेच पालक रांग लावतात.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

नवी फॉर्मेशन सुचली! चहाबरोबरची बिस्किटं टेबलावर मांडून बघत होतो. बायको समोर बसून कन्येबद्दल काहीतरी सांगत होती. मी हो म्हटलं. तिने विचारलं, ऐकतोयस ना, नंतर आरडाओरडा चालणार नाही. अगं हो, म्हटलं ना! तिने आणखी एकदा विचारलं, मी आणखी एकदा हो म्हटलं. संसारात ऐकून घेणारा माणूस लागतो.

बोलता बोलता माझ्याकडून डावी बाजू खाल्ली गेली. फॉर्मेशन परत मांडावी लागणार.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

कन्या प्रॅक्टिसला आली नाही. गेल्या आठवड्यातही नव्हती. पोरांना सांगितलं, तिला मी विश्रांती दिलीय. कोचला सगळं ठाऊक असतं असं दिसलं पाहिजे.

संध्याकाळी घरी आली तेव्हा गुडघे मातीने भरलेले. शाळेत मातीकाम सुरू झालं असावं. हल्लीच्या शाळांचं कौतुक वाटतं. पोर गुणगुणत होती, दोनदा वाढून घेतलं, आणि मला बाबा म्हणाली. कितीतरी दिवसांनी! राखीव राहण्यातला मोठेपणा तिला अखेर उमगला. मला खात्री होतीच.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

इंजिनच्या घोट्याला लागलं. या वेळी कुंपण नव्हतं, भिंत होती. दंतवैद्य म्हणतात, किरकोळ आहे, मॅचला खेळेल, फक्त कॅप्टनकी नको म्हणतोय.

म्हणजे आता माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. कन्या खेळणार. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि कॅप्टन म्हणून! ३ मार्चला स्टेशनपलीकडच्या क्लबशी परतीची मॅच आहे, तीही त्यांच्याच मैदानावर, आपल्याकडे गाड्या आहेत. तिला आत्ताच सांगणार नाही. मैदानावर सगळ्यांसमोर नाव पुकारणार. तिचा चेहरा बघायचाय मला. खरं तर महिनाभर दुसरं काही बघायचंच नव्हतं.

शनिवार, २ मार्च

तिची सात नंबरची जर्सी मी स्वतः इस्त्री केली. बायकोने विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, अरे, तुला मी सांगितलं होतं ना? मी तिला थांबवलं. आदल्या दिवशी कोचशी वाद घालायचा नसतो. भाषण पाठ केलं. आरशासमोर म्हणून बघितलं आणि जर्सीवर परत एकदा इस्त्री फिरवली.

रविवार, ३ मार्च. सकाळ

मायलेकी माझ्या आधीच मैदानावर निघून गेल्या. काय हा उत्साह! मी जर्सी घेऊन निघतोय.

तोच दिवस. दुपार

पोरांना वर्तुळात उभं केलं, भाषण सुरू केलं. आज मी एक नाव घेणार आहे, वगैरे. नाव घेतलं. कोणी पुढे आलं नाही. जिराफ म्हणाला, सर, ती तिकडेय.

समोरून त्यांची टीम येत होती. हिरव्या जर्सीत एक मुलगी. आधी वाटलं, किती सारखी दिसते. मग तिने मला हात केला.

मी तावातावाने शिट्टीबाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, तुमच्या मिसेस येऊन रीतसर नाव घालून गेल्या, तुम्हीही हो म्हणालात असं कळलं. पलीकडे बायको बसली होती. ती माझ्याकडे बघत होती आणि नजर काढत नव्हती. तेव्हा बिस्किटं आठवली.

मॅच सुरू झाली. दहाव्या मिनिटाला कन्येला चेंडू मिळाला. इंजिन तिच्या अंगावर आला. तिने त्याला नुसता जाऊ दिला, तो गेला तो गेलाच. मग जिराफसमोर क्षणभर थांबली आणि त्याच्या पायांमधून चेंडू आत सरकवला. मी हवेत उडी मारली. दोन्ही हात वर, शाब्बास गं माझी वाघीण, असं ओरडलोसुद्धा. खाली आलो तर अख्खा बाक माझ्याकडे बघत होता. इंजिन कुंपणापासून परत येत होता. त्याने विचारलं, सर, आपण नक्की कुणाकडून आहोत?

तीन-एक. त्यातले दोन तिचे.

पूर्ण मॅच खेळताना मी तिला आज पहिल्यांदा बघितलं. क्लब माझा, कोच मी, मुलगी माझी, आणि बघायला मिळालं ते समोरच्यांमुळे. लाज वाटली. खूप आनंदही झाला, म्हणून आणखी लाज वाटली.

गाडीत विचारलं, का गं? ती म्हणाली, बाबा, तिकडे खेळवतात. तेवढंच. माझ्याकडे तत्त्वावर बोलण्यासारखं बरंच होतं. गिअर बदलला.

रविवार, १० मार्च

आपल्या क्लबला आज सुट्टी. बुधवारच्या मीटिंगमध्ये दंतवैद्यांनी सुचवलं की अध्यक्षांवर कामाचा फार ताण पडतोय, कोच दुसरा बघू या. बिनविरोध मंजूर झालं.

कन्येची मॅच बघायला गेलो. शिट्टीबाईंना जाता जाता एक सूचना केली, तिला जरा डावीकडून खेळवा म्हणून. त्या अगदी आदराने म्हणाल्या, पालकांनी दोरीच्या पलीकडे उभं राहायचं. गेलो. बायकोने सरकून जागा करून दिली.

मॅच सुरू होणार तेवढ्यात कन्या धावत माझ्याकडे आली. वाटलं, काही विचारायचं असेल, समोरचा डिफेन्स कसा आहे वगैरे. मी सांगायला तोंड उघडलं. तिने स्वेटर काढून माझ्या हातात दिला, म्हणाली, बाबा, धरा हं, खाली ठेवू नका, गवत ओलं आहे. आणि पळाली.

शेवटची शिट्टी होईपर्यंत धरून उभा होतो. खाली ठेवला नाही.