बुटावर बसवलेली पँट

आई,

काल सव्वीस जानेवारी झाली आणि माझे गुडघे अजून ठणकतायत. ते तुझ्यामुळे ठणकतायत, म्हणून तुलाच सांगते. आबांच्या पायाशी बसून त्यांची पँट बुटावर नीट बसवायचं काम तू इतकी वर्षं केलंस आणि जाताना ते कुणाला शिकवून गेली नाहीस. आठवडाभर मी फरशीवर उकिडवी बसून ते शिकायचा प्रयत्न केला. माझ्या वयाच्या बाईने, दिवसभर ऑफिसात हिशेब तपासून घरी आल्यावर, एका पायाचं कापड वर आणि दुसऱ्याचं खाली का दिसतं यावर डोकं फोडायचं, हे काही मी आयुष्यात ठरवलं नव्हतं.

तुला जाऊन इतका काळ झालाय की माझ्या मुलीला तू भिंतीवरच्या फोटोतलीच ठाऊक आहेस. म्हणून मधलं थोडं सांगते. मागच्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र नीट आला नाही. डॉक्टर म्हणतात, कमजोर आहे, सुधारेल. पण त्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही. गावी, चांद्याच्या घरी, एकटं ठेवणं शक्य नव्हतं. वरच्या खोल्यांत कंपनीत जाणारी भाडेकरू पोरं आहेत, त्यांच्या भरवशावर घर सोडलं आणि आबांना भूगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या बिल्डिंगचं काम बघत बसतात. काही मागत नाहीत. चहात साखर कमी पडली तरी बोलत नाहीत. त्यांचं हे न मागणं मला मागण्यापेक्षा जड जातं. काय हवंय ते माणसाने सांगावं की नाही?

मग या महिन्यात चांद्याच्या शाळेतून फोन आला. झेंडावंदनाला गावातल्या माजी सैनिकांना बोलावतायत, आबांना आणाल का, म्हणून. मी विचारलं, जाल का? ते म्हणाले, "वर्दी काढ." मी समजावलं, की आबा, आता रिटायर झालेली माणसं कोट घालतात आणि कोटावर मेडल लावतात, तेच बरं दिसतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "वर्दी काढ." चांद्याला जाऊन तुझ्या ट्रंकेतून ती काढून आणली. तू डांबराच्या गोळ्या टाकून घडी करून ठेवली होतीस, तशीच होती. कमरेला आता इतकी सैल होते की आतून दोन सेफ्टी पिना लावाव्या लागल्या. जुने बूट तडकले होते म्हणून शहरातून नवे आणले. पिरंगुटच्या पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणून तिची कडी कापली, कारण बाजारातली इलॅस्टिकची पट्टी त्यांना चालेना.

तुला हे सांगायला नको, तरी सांगते, कारण मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. बुटाच्या वरच्या काठाशी ते रबरी कडं चढवायचं, पँटचं टोक आतल्या बाजूने दुमडून कड्याखाली खोचायचं आणि कापड वरून थोडं सोडायचं, म्हणजे सगळीकडून सारखा फुगवटा येतो. दोन्ही पायांचा फुगवटा एका उंचीवर हवा आणि इस्त्रीची घडी बरोबर मधोमध उतरायला हवी. वाचायला सोपं आहे. मी करायला बसले की मागून नीट व्हायचं आणि पुढून बाहेर यायचं. पुढचं नीट केलं की आबा दोन पावलं चालायचे आणि मागचं निसटायचं. ते खाली बघायचे आणि म्हणायचे, "न्हाई. सैल हाय." मी पुन्हा बसायची. एकदा म्हणाले, "तुजी आई घालायची." एवढंच. पुढचं वाक्य मी माझं मीच जोडलं, की तिला जमायचं, तुला जमत नाही.

तुला आठवतं का, आबा पलटणीतून सुटून आले आणि घोटावड्याच्या रस्त्यावरच्या कारखान्यात गेटवर लागले, तेव्हाची सकाळ? मी आत्ताही डोळे मिटले की ती बघते. तू चुलीपुढे आहेस, तव्यावर भाकरी आहे. आबा निळा वॉचमनचा ड्रेस घालून खुर्चीवर बसलेत आणि पाटावर पाय ठेवलाय. बाकीचे वॉचमन चपला घालून कामाला जातात, आबांना मात्र बूट हवेत आणि बुटावर पँट पलटणीसारखी बसायला हवी. तू पिठाचे हात धुतेस, लुगड्याला पुसतेस आणि त्यांच्या पायाशी बसतेस. भाकरी तव्यावर करपते आहे, तिचा वास येतोय, तुला त्याचं काही नाही. मान खाली घालून तू कापड ओढतेस, खोचतेस, पुन्हा ओढतेस. आबा वर कौलांकडे बघत बसलेत. आभाराचा एक शब्द नाही. संध्याकाळी ते आले की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी तुझी नजर त्यांच्या बुटांवर जायची. तीही मी बघितलेली आहे. मला त्या नजरेचीही चीड यायची.

मी कॉलेजात होते तेव्हा एकदा बोलले. आबांच्या देखतच बोलले, की यांनी सरहद्दीवर स्वतःची पँट स्वतःच खोचली ना, मग इथे काय होतं? आबा वर कौलांकडे बघत बसले. तू उठलीस, माझ्यासमोर आलीस आणि म्हणालीस, "तुजं तू बघ. माज्या कामात तोंड घालायचं न्हाई." आवाज चढवला नाहीस. पण त्यानंतर दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. ते दोन दिवस मला अजून टोचतात. मी तुझ्या बाजूने भांडायला उठले होते, आणि तू मलाच बाहेर काढलंस.

मग मी आयुष्यभर त्याचं उत्तर देत बसले. लग्नाआधीच नवऱ्याला सांगितलं, की मी कुणाच्या पायाशी बसणार नाही. तो बिचारा हसला होता. मी त्याला आंघोळीचा टॉवेलसुद्धा कधी हातात दिला नाही. तो आजारी असताना त्याचे पाय चेपायला सासूबाईंनी सांगितलं, तर मी मलम आणून त्याच्या हातात ठेवलं. मुलीला वाढवताना तर तुझं उदाहरणच द्यायची, की बघ, तुझी आजी अशी होती, तू तशी होऊ नकोस. ती विचारायची, आजीला वाईट वाटायचं का गं? मी म्हणायची, वाटत असणारच. तुझ्या वतीने मी हे इतक्या खात्रीने सांगत आले.

मागच्या रविवारी दुपारी माझा तोल गेला. आबा म्हणाले, सैल हाय. मी डावा बूट त्यांच्या पायातून ओढून काढला आणि भिंतीकडे फेकला. नवरा आतून आला, मी त्याला हातानेच परत पाठवलं. आबांना म्हणाले, "आईला तुम्ही जन्मभर पायाशी बसवलंत. मला बसवू नका." ते माझ्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने सावकाश उरलेल्या बुटाची नाडी सोडायला लागले. मी दार आपटून स्वयंपाकघरात गेले. तिकडे उभी राहून स्वतःवर, त्यांच्यावर आणि तुझ्यावर सारखीच चिडले.

काल सकाळी मात्र मी मुकाट्याने बसले आणि दोन्ही पायांची पँट खोचून दिली. ते सैल हाय म्हणाले नाहीत. गाडीत बसलो. चांद्याच्या रस्त्याला लागल्यावर, शाळेच्या बरंच अलीकडे, ते म्हणाले, "हितं थांबीव." तिथे आबांच्या कारखान्याच्या वाटेवरची, ओढ्यावरची जुनी मोरी आहे बघ, आता तिच्या दोन्ही अंगांना प्लॉटिंगचे पत्रे लागलेत. मी गाडी कडेला घेतली. त्यांनी दार उघडलं, पाय बाहेर काढले आणि वाकले. डावा हात बुटापर्यंत गेला, उजवाही गेला. उजव्या हाताची बोटं कापडावर ठेवली, पण ती मिटेनात. एक बाजू धरली तर दुसरी सुटत होती. मी उतरून पुढे झाले, तर मानेने नको म्हणाले. थोडा वेळ तसेच प्रयत्न करत राहिले आणि मग सरळ बसले. मी विचारलं, निसटलंय का? तर म्हणाले, "न्हाई. तुज्या आईचं बी मी हितंच बसून नीट करायचो."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, आईचं काय नीट करायचा? मग त्यांनी सांगितलं. आजपर्यंत एवढं ते माझ्याशी एका दमात कधी बोलले नव्हते. "तिला येत न्हवतं. एक पाय वर, एक पाय खाली. हितवर येईस्तवर सुटायचंच. मग मोरीवर बसायचं, समदं काडायचं आन पुन्यांदा घालायचं. रोज. येकदा माझी कंबर धरली हुती, तवा आठ दिस तिनं घालून दिलं. कंबर बरी झाली, तरी तिनं सोडलंच न्हाई. मी पाय मागं घेतला की तोंड उतरायचं तिचं. पलटणीत हुतो तवा तिनं कवा बघितलं मला वर्दीत? सुट्टीला यायचो ते साध्या कपड्यात. मग म्हनलं, घालू दे." मी विचारलं, तिला कधी कळलं नाही? ते म्हणाले, "सांजच्याला आलो की बघायची ना पायाकडं. तिला वाटायचं, सकाळचं तसंच हाय. खूश व्हायची."

आई, मी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होते. तू सांगितलं होतंस, माझं काम. ते शब्दशः तुझं काम होतं तर. हौसेने घेतलेलं, न येणारं, आणि कुणी काढून घेऊ नये म्हणून ज्यापायी तू माझ्यावरही डोळे वटारलेस, असं. मग मला तसं सांगायला काय झालं होतं? दोन दिवस अबोला धरण्याऐवजी एकदा मला जवळ बसवून, मला हे करायला आवडतं, एवढं म्हणाली असतीस तर? आणि आबा! त्या दिवशी ते समोर बसले होते. मी त्यांना काय काय बोलले, तरी त्यांनी कौलांकडे बघत ऐकून घेतलं. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळत बसलात आणि मधल्या मधे मला एक खोटं घर बघायला दिलंत. मी त्यावर माझं अख्खं वागणं उभं केलं. आता ते मोडून कुठे ठेवू?

शाळेत पोचलो. पटांगणावर पोरं रांगेत बसली होती. आबांना पुढे उभं केलं. झेंडा वर गेला, आबांनी सॅल्यूट केला. उजवा हात भुवईपर्यंत पोचला नाही, गालापाशी थांबला, पण खाली आला नाही. राष्ट्रगीत निम्म्यावर असताना डाव्या पायाची पँट कड्यातून सुटली आणि बुटावर लोंबायला लागली. मी बाजूलाच उभी होते, मला दुसरं काही दिसेना. राष्ट्रगीत संपल्यावर शेजारी उभा असलेला घोटावड्याचा एक माजी सैनिक, आबांपेक्षा खूप तरुण, हळूच म्हणाला, काका, पाय सुटलाय, थांबा, आणि वाकलाच. आबांनी पाय मागे घेतला. म्हणाले, "राहू दे. पोरीनं घातलंय."

ऐकून मला भरून यायला हवं होतं. नाही आलं. आठवडाभर घरात सैल हाय, सैल हाय म्हणणारा माणूस चारचौघांत राहू दे म्हणतो, म्हणजे मलाही तुझ्याच ओळीत बसवलं त्याने. मला वाटलं, आबा, चुकलंय तर चुकलंय म्हणा, त्या माणसाला नीट करू द्या, मला असलं सांभाळून घेतलेलं नको. शाल आणि नारळ घेऊन ते तसेच, एक पाय खोचलेला आणि एक लोंबता, सगळ्या पोरांसमोरून चालत गाडीपर्यंत आले. खाली एकदाही बघितलं नाही.

परत येताना भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. मला वाटलं झोपले असतील. तर डोळे मिटूनच म्हणाले, "आईला सांगू नगंस हां." झटक्यानंतर त्यांचं कधी कधी असं मागचं पुढचं होतं, तू घरातच आहेस असं धरून बोलतात. हे तसलं होतं की शुद्धीतलं, मी विचारलं नाही. नाही सांगत, मी म्हणाले.

म्हणून हे इथेच थांबवते आणि लिहिलेलं फाडून टाकते. तुझ्या फोटोमागेही ठेवणार नाही. शब्द दिलाय. एक मात्र सांगून टाकते. तुला येत नव्हतं, हे त्या मोरीवर ऐकलं, तेव्हा राग नंतर आला. त्याच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला फार बरं वाटलं.