दार उघडण्याआधी

प्रिय भिंगरी,

तुझा लोकरीचा कोट पाठवते आहे आणि कोटासोबत हे पत्र. रविवारी तू त्या शिवणाच्या स्पर्धेतून फोन करतेस तेव्हा तो स्पीकरवर असतो आणि समोर कॅमेरा असतो. त्यामुळे मी नुसतं ‘जेवलीस का, झोपलीस का’ करत बसते आणि तू ‘हो माऊ, हो माऊ’ करत राहतेस. आठवडाभर साठवलेलं बोलणं तसंच राहून जातं. घरून आलेलं बंद पाकीट तिथे कुणी फोडत नाही, असं जाताना तूच म्हणाली होतीस. तसंच असू दे, बाई. हे पत्र खोलीत एकटी असशील तेव्हाच वाच. मशिनवर बसून घाईघाईत वाचू नकोस.

आधी गुरुवारच्या भागाबद्दल बोलते. जुन्या पडद्यांतून अंगात घालण्यासारखं काहीतरी शिवायचं, असं परीक्षकांनी सांगितलं आणि मी खुर्ची टीव्हीजवळ ओढली. तू कापड न मोजता सरळ कात्री लावलीस तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. घरी मी असते तर ओरडले असते, ‘अगं आधी खडूने आखून तरी घे!’ पण तू शिवलास तो झगा, आणि त्याला आतून खिसा! त्या टकल्या परीक्षकाला चुण्या जड वाटल्या म्हणे. त्याच्या डोक्यावर एक केस नाही, त्याला जड काय नि हलकं काय कळणार? मी टीव्हीला तसं ऐकवलंसुद्धा. बाकी सगळे स्पर्धक लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून शिवतात, तू घालणाऱ्या बाईच्या सोयीसाठी शिवतेस. नाटक मंडळीच्या कपडेपटात इतकी वर्षं काढल्याचा हा गुण. मी तुझी मावशी आहे म्हणून म्हणत नाही. बरं, म्हणून म्हणते. पण तरी खरं आहे.

तुला ठाऊक आहे, असले कार्यक्रम बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलामागे बसून दुसरं करायचं काय? समोर टीव्ही, मध्ये गाल धरून बसलेली माणसं. ड्रिलचा आवाज ऐकून भेदरलेल्या माणसाला दुसऱ्या कुणाची तरी परीक्षा चाललेली दिसली की जरा धीर येतो, हा माझा अनुभव आहे. हल्ली तर पेशंट विचारूनच घेतात, ‘सध्या काय बघण्यासारखं आहे?’ मी सांगते. म्हाताऱ्या माणसांची गाण्याची स्पर्धा जरूर बघा, पण फक्त सुरुवातीचे भाग. तेव्हा ती घरच्यासारखी गातात, पुढे त्यांना नटवून बिघडवतात. मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करणारं नवरा-बायकोचं जोडपं बघा. ती दोघं एकमेकांवर चिडतात ते भिंतीवरून, उगाच नाही. बेटावर उपाशी ठेवतात तो कार्यक्रम नाश्ता करून बघा. आणि एका घरात कोंडून भांडायला लावतात तो अजिबात बघू नका. माझा साधा नियम आहे. जिथे माणसाच्या हाताला काम आहे तो कार्यक्रम बघावा. जिथे नुसतं तोंडाला काम आहे तो सोडावा, तोंडं मी दिवसभर बघतेच.

आमचे कवळीवाले काका मला यावरून फार चिडवतात. पलीकडच्या खोलीत बसून ते दुसऱ्यांचे दात घडवतात आणि दुपारी डबा घेऊन माझ्याच टेबलाशी येतात. ‘तुमची भाची जिंकली की तुम्ही कसल्या इथे बसताय!’ असं रोज एकदा तरी म्हणतात. गुरुवारी दवाखाना लवकर बंद व्हावा म्हणून सर्वात जास्त घाई त्यांनाच असते, हे मात्र कबूल करत नाहीत.

स्वयंपाकाच्या स्पर्धेतला तो बसचालक आठवतो का गं? ज्याच्याशी वर्षानुवर्षं न बोललेला त्याचा थोरला भाऊ अचानक दारातून आत आला होता तो? घरच्यांचा आठवडा, स्पर्धकांची माणसं न सांगता भेटायला आणतात तो. तो भाग मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा रडले होते. दवाखान्यात लागला तेव्हा तोंडात कापूस धरून बसलेल्या बाईसुद्धा हुंदके देत होत्या. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, बाकी काही बघू नका, हा एक भाग बघा. परवा तो पुन्हा लागला. मी हौसेने आवाज मोठा केला आणि या वेळी मला काही वेगळंच दिसलं. दार उघडतं, भाऊ दिसतो, आणि त्या माणसाचा हात आधी स्वतःच्या चेहऱ्याकडे जातो. मग तो इकडेतिकडे बघतो. मला आजवर वाटायचं, आनंदाने गडबडला. तो लपायला जागा शोधत होता गं. एवढ्या मोठ्या झगमगीत खोलीत त्याला पाठ फिरवायला एक कोपरा नव्हता. जिकडे वळला तिकडे कॅमेरा. मी टीव्ही बंद केला. पेशंट कुरकुरले.

बघ, मघापासून ताकाला जाऊन भांडं लपवते आहे. तुमच्या कार्यक्रमाची ती मुलगी घरी येऊन गेली. तीच, कानामागे पेन्सिल खोचणारी. तू शिवायला शिकलीस ते मशिन, तुझी खोली, खिडकीतून दिसणारी गल्ली, सगळ्याचं चित्रीकरण केलं. पोरगी गोड आहे, खोटं कशाला बोलू? मी चहा-बिस्किटं दिली, तिने बशी विसळून ठेवली. तुझे लहानपणचे फोटो मागितले. मी काढून दिले, तर म्हणाली, ‘याच्या आधीचे नाहीत?’ मी म्हटलं, ‘चार वर्षांची असताना ती माझ्याकडे आली, त्याआधीचे माझ्याकडे कुठून असणार?’ तिने मान हलवली. म्हणजे तिला ते आधीच माहीत होतं. मग कॅमेरावाल्याला तिने खाली पाठवलं आणि माझ्याजवळ सरकून बसली. ‘माऊ, तुम्हाला एक छान गोष्ट सांगायची आहे, पण ती कुणाला म्हणजे कुणालाच सांगायची नाही.’ मला माऊ म्हणाली. तुझ्याशिवाय मला कुणी माऊ म्हणत नाही.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. पेशंटांच्या वेळा चुकवते आहे, ज्याची दाढ काढायची त्याला दात साफ करायला बसवलं. शेवटी काकांना सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, ‘तुम्ही पोरीला सांगितलंत आणि त्यांना कळलं, तर तिला स्पर्धेतून काढतील.’ मीही तेच धरून बसले होते. तू पहिल्या चारांत आहेस. माझ्या एका पत्राने ते सगळं जाऊ शकतं. पण काका उठता उठता थांबले आणि म्हणाले, ‘माझ्यावर अशी वेळ आली असती तर मला कुणीतरी आधी सांगावं, असं वाटलं असतं.’

तर सांगते, भिंगरी. त्यांना तुझी आई सापडली आहे. माझी ताई. समुद्राकाठच्या एका गावात मुलींच्या वसतिगृहात कपडे धुण्याचं काम बघते. घरच्यांच्या आठवड्यात इतरांसाठी नवरे, मुलं, वडील येतील, आणि तुझ्यासाठी दार उघडेल तेव्हा आधी मी दिसेन आणि माझ्यामागून ती. असं त्यांनी ठरवलं आहे. ती पेन्सिलवाली मला म्हणाली, ‘तुम्ही सगळ्या खूप रडाल, फार सुंदर होईल.’ मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फक्त नंबर मागून घेतला आणि दोन दिवस धीर गोळा करून ताईला फोन केला. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला आणि तिने पहिलं काय विचारावं? ‘तिच्या बोटाला पट्टी होती गुरुवारी, फार कापलं का?’ ती बघते गं. दर गुरुवारी तिथे त्या मुलींच्यात बसून तुला बघते, आणि त्यांना सांगितलेलं नाही तू कोण ते. मी भांडायच्या तयारीने फोन केला होता, सगळं विसरले. तिला वाटत होतं, तू बोलावलंयस. तुला यातलं काही माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. मग म्हणाली, ‘तिला विचार. ती नको म्हणाली तर मी येणार नाही.’ ती का गेली हे मी विचारलं नाही. ते विचारायचा हक्क तुझा आहे, माझा नंतर. तेव्हा तुला नको असेल तर त्या मुलीला तोंडावर सांग, आणि माऊने कळवलं म्हणून खुशाल माझं नाव घे. स्पर्धेतून काढलं तर घरी ये. ती यायला हवी असेल तर येऊ दे. मला कसली भीती वाटते तेही लिहून टाकते. तू तिच्याकडे धावशील याची वाटते, आणि तू धावणार नाहीस याचीही वाटते. पण सगळ्यात जास्त भीती वाटते ती याची की तुला काय वाटलं ते तुझ्याआधी अख्ख्या जगाला कळेल. म्हणून हे पत्र. आता ते बाजूला ठेव, दाराला कडी लाव, आणि रडू येईल, राग येईल, काहीच येणार नाही, जे होईल ते होऊ दे. इथे कुणी बघत नाहीये. मीसुद्धा.

तुझी, फक्त तुझीच,
माऊ