नाल्यापलीकडचे एकोणीस ठिपके

२ एप्रिल, बुधवार

पुन्हा सकाळी सहापासून माळ. रोहिणखेडचा हा माळ तळपायांना पाठ झालाय आता! मार्चमध्ये यावरून विमान गेलं. त्यातला कॅमेरा डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपतो. त्यावरून मशीन ठरवतं — इथे झुडूप, इथे उजाड. खरं की खोटं, ते मी चालत जाऊन बघायचं. नकाशावर साठ ठिपके. इथे जमलं तर पुण्याचे सर हीच पद्धत राजस्थानच्या वाळवंटात नेणार. मला सोबत चल म्हणाले नाहीत म्हणजे मिळवली.

४ एप्रिल

कलामावशी भेटल्या, बारा बकऱ्या घेऊन. नकाशा कशासाठी ते त्यांना आधीच कळलेलं — जिथे 'उजाड' येईल ती जमीन सोलरच्या प्लेटांना. तहसीलची यादी त्यावरूनच होणार. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? मग त्यांनी बोराटीच्या झुडपाची वाळकी फांदी नखाने खरवडली. आत हिरवं!

"मेली नाही हे. पाणी पडलं का चार दिवसांत फुटते. तुह्या इमानाले हे दिसते का?"

नाही दिसत. पान नाही तर मशीनसाठी झुडूपच नाही. म्हणून तर मला पाठवलंय.

५ एप्रिल

त्रेचाळीस अंश. मोज्यांत कुसळं. बाकी काही नाही.

८ एप्रिल

अंगात ताप. नाल्यापलीकडचे एकोणीस ठिपके राहिलेत. सरांचा फोन — परवापर्यंत हवंच. खाटेवर पडल्या पडल्या टॅबवर मशीनचा नकाशा उघडला आणि ते म्हणतं तेच भरलं. उजाड, उजाड, उजाड. साठ पूर्ण. लाज वाटली. पण झोप त्याहून जास्त आली होती.

१४ एप्रिल

जयंती. धाड गावी, घरी गेले. आई म्हणाली, किती काळी पडलीस. मिरवणूक न बघताच झोपले.

२१ एप्रिल

सर खूश. मशीनचं आणि माझं ब्याण्णव टक्के जुळलं! "समता, हे तुझ्या पायांचं यश." जुळणारच — मी त्याचीच नक्कल केली. नाल्यापलीकडचा सगळा पट्टा उजाड ठरला. उन्हाळाभर कलामावशींच्या बकऱ्या तिकडेच चरतात. जेवण गेलं नाही.

२३ एप्रिल

मावशींना घेऊन नाला ओलांडला. प्रत्येक ठिपक्यावर त्या नखाने खरवडत गेल्या, मी लिहीत गेले. एकोणिसांपैकी सोळा जिवंत. शेवटी त्यांनी विचारलंच, आधी काय लिहिलं होतं म्हणून. सांगितलं — न येताच उजाड लिहिलं. त्यांनी लांब गेलेली एक बकरी हाकून परत आणली.

"आता तं आली ना. आता खरं लिही."

मला रडू आलं. त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.

२४ एप्रिल

सरांना फोन करून सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. ते शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे. एकोणीस नोंदी सहा मिनिटांत झाल्यात, टॅबवर वेळ दिसते. नकाशा सोमवारीच तहसीलला दिला. आकडा चांगला आलाय, राहू दे."