तिघांना एकच तू

बाई, परवाच्या रविवारी वर्गात माझी चांगलीच फजिती झाली, आणि ती तुमच्यामुळे झाली, म्हणून हे सगळं तुम्हालाच सांगायला बसले आहे. इथे सांगलीत, आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, मी रविवारी मुलांना शिकवते. हॉस्पिटलच्या वॉर्डातली नोकरी संपली, सिस्टर म्हणून हाका मारणारे संपले, आणि पाळकसाहेबांनी विचारलं, रविवारची मुलं घ्याल का? मी आपली हो म्हणून बसले. योना, दावीद, हरवलेलं मेंढरू, हे सगळं जमतं हो मला. पण या महिन्यात धडा आला त्रैक्याचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघं, आणि देव मात्र एक. अंड्याचं कवच, पांढरं आणि पिवळं हा प्रकार मी मागे एकदा करून पाहिला होता, तेव्हा एका पोरानं गंभीर तोंड करून विचारलं होतं, टीचर, उकडलेलं का कच्चं? तुम्ही असता तर ते अंडं माझ्या हातातून काढून घेतलं असतंत आणि म्हणाला असतात, "ह्याचं कालवण कर, पोरांना वाढ. देव ह्यात न्हाई." म्हणून यंदा ठरवलं, ते काही नको, आपण बाईंचा 'तू'चा धडा घेऊ.

घेतला. अगदी जीव ओतून घेतला. तुम्ही विचारायचात तसंच विचारलं, मुलांनो, घरी वडिलांना काय म्हणता? आणि 'तुम्ही' हे उत्तर येईल म्हणून थांबले. सगळी पोरं एका सुरात ओरडली, "तू!" बाबा, तू कधी येणार? बाबा, तुझा फोन दे. झालं की हो बाई! तुमच्या धड्याची सगळी मेख त्या 'तुम्ही'त होती, आणि इकडे घराघरांतून 'तुम्ही' कधीच निघून गेलंय. त्यात पुढच्या रांगेतली दोन शेंड्यांची एक पोर, वर्गातली सगळ्यात आगाऊ, मला म्हणते कशी, "मग टीचर, तुम्हाला आम्ही तुम्ही का म्हणतो?" वर्ग खो-खो हसला. गप्प बसा म्हटलं आणि गाणं म्हणायला लावलं. येत्या रविवारी ती पुन्हा विचारणार, सोडणारी पोर नाही ती. आणि मला तिला काहीतरी सांगून वाटेला लावायचं नाही. ज्या धड्यानं मला लहानपणी सावरलं, तो माझ्या हातात येऊन वाया जाणार की काय, याची मला खरोखर धास्ती वाटते आहे.

तुमचं वडूजचं स्वयंपाकघर आठवतं. गावात आपली ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याएवढी, चर्चचा पत्रा उन्हाळ्यात असा तापायचा की आत बसवत नसे, म्हणून रविवारची शब्बाथ शाळा तुमच्या घरी भरायची. आठवडाभर तुम्ही मुलींच्या शाळेत मराठीच्या बाई. तिथे 'आहे', 'नाही', आणि घरी पदर खोचला की लगेच 'हाय', 'न्हाई'. आम्ही पोत्यांवर बसलोय, तुम्ही परातीपुढे, हात कोपरापर्यंत पिठाचे, भाकरी थापता थापता शास्त्र चाललंय. धडा संपला की सगळ्यांना गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. स्वतः तुम्ही सगळ्यांत शेवटी बसायचात. मी दारातून निघताना विचारायची, "बाई, तुमी जेवलात का?" आणि तुम्ही म्हणायचात, "जेवते गं. जा तू." त्या घरात किती बायका येऊन-जाऊन होत्या, पण तुम्हाला हे विचारणारी मी एकटीच आहे, याचा मला केवढा अभिमान होता!

त्रैक्याचा धडा तुम्ही सुरू केलात तो आम्हालाच विचारून. कशासारखं असेल सांगा. कुणी म्हणालं, चुलीसारखं, दगड तीन आणि चूल एक. तुम्ही मान हलवलीत. "त्यातला एक दगड काढला तर काय ऱ्हातं? नुसता दगूड. देव आसा तिसरा हिस्सा नसतो. पिता सगळा देव, पुत्र सगळा देव, आत्मा सगळा देव." कुणी म्हणालं, बेलाच्या पानासारखं. "पान तोडलं की तीन तुकडं. देवाचं तुकडं व्हत न्हाईत." मग मोठी मुलं हट्टाला पेटली. नांगर, तिफण, तीन भाऊ, काय काय काढलं. तुम्ही एकेक ऐकून घेत होतात, हसत होतात आणि खोडून काढत होतात. शेवटी एकजण वैतागून म्हणाला, मग तुमीच सांगा की बाई कशासारखं ते! तेव्हा तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत आणि म्हणालात, "मला तरी कुठं कळलंय? कळलं न्हाई म्हणून खोटं सांगू व्हय? येशू म्हणाला, माझा बाप आन मी एक हाय. मी त्यावर इश्वास ठेवते. कशासारखं ते मला म्हाईत न्हाई." पोरांसमोर असं बोलायला छाती लागते, बाई. मी पुढे वॉर्डात मोठमोठे डॉक्टर पाहिले, 'मला माहीत नाही' हे तीन शब्द घशातून काढताना त्यांना घाम फुटायचा.

आणि मग माझी पाळी आली बाप्तिस्म्याचं वाक्य म्हणून दाखवायची. मी ऐटीत म्हटलं, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावांनी." तुमचं उलथणं परातीच्या काठावर टाणकन वाजलं. "नावांनी न्हाई! नावानं! तिघं हायत, पर नाव एकच." मी दचकून रडकुंडीला आले, तसं तुम्ही मला जवळ ओढलंत, माझ्या फ्रॉकला पीठ लागलं, आणि विचारलंत, "तुझे आबा घरी आले की तू काय म्हणतीस? आबा आला, का आबा आले?"

"आले."

"किती जण आले?"

"एकच की."

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "बघा पोरांनो. मानूस एक, पर मानासाठी आपण त्याचं आनेकवचन करतो. आन प्रार्थनेत देवाला काय म्हणतो? तुझे नाव, तुझे राज्य, तुझी इच्छा. तिघं हायत, आन आपण म्हणतो तू. आपल्या बापाला तुमी, आन आकाशातल्या बापाला तू! का?" तुम्ही पुढची भाकरी तव्यावर टाकलीत. "आईला तू का म्हणता? मान न्हाई म्हणून?" नाही नाही, असं सगळे ओरडलो. "मंग? आईच्या आन आपल्यामधी जागाच नसती, म्हणून तू. तुमी म्हटलं की मधी एक पाट ठिवल्यागत व्हतं. त्या तिघांच्यामधी पाट न्हाई. म्हणून तिघांना मिळून एकच तू. आन त्यांनी आपल्यालाबी तसंच म्हणायला सांगितलंय, म्हंजे आपल्यालाबी जवळ घेतलंय." मराठीच्या बाई होतात म्हणून तुम्हाला हे सुचलं असेल, पण मला आजही वाटतं की देवानं तुम्हाला मराठीच्या बाई केलं ते याच्यासाठीच.

तुम्हाला माहीत होतं का, की त्या दिवशी तुम्ही माझ्या कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत? आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात मी, वडील म्हणजे आबा, आणि आत्या. आत्याला 'तुमी', आबांना 'तुमी'. आबा फौजेतून आलेले, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचे, घरातही तसेच बसायचे. आई गेल्यापासून मी जिला 'तू' म्हणावं असं माणूसच घरात उरलं नव्हतं, आणि हे मला स्वतःलाही त्या दुपारपर्यंत कळलं नव्हतं. तुमच्या घरून पळत सुटले. आबा ओट्यावर बसले होते, आत्या आतून जेवायला हाक मारत होती. मी दारातूनच, धापा टाकत, तोंड भरून विचारलं, "आबा, तू जेवलास का?"

आत्याच्या हातातलं भांडं खाली पडलं. "आगं कारटे! बापाला आरं-तुरं करतीस?" मी आपली सांगतेय, देवाला म्हणतो की, आकाशातल्या बापाला म्हणतो, बाईंनी सांगितलंय. आबा मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, चपला घातल्या आणि एवढंच म्हणाले, "ह्ये शिकवत्यात व्हय तितं? पुन्यांदा जायाचं न्हाई." त्या दुपारी ते जेवले नाहीत. आणि माझं म्हणाल तर आई गेली तेव्हा जेवढी रडले होते, तेवढीच त्या दिवशी रडले, कारण आता तुमचं स्वयंपाकघरही गेलं होतं.

एक रविवार गेला, दुसराही गेला, आणि मग तुम्हीच आलात. शाळेची इस्त्रीची साडी नेसून, सरळ ओट्यावर. आबा ताठच होते. "बाई, पोरींला देव शिकवा. घर कसं चालवायचं त्ये नगा शिकवू." मला वाटलं, आता तुम्ही माझी बाजू घेणार. कसलं काय! आधी मलाच समोर उभं केलंत. "चूक तुझी हाय. आबांना विचारलं व्हतंस का? 'तू' हे आपण होऊन घ्यायचं नसतं. ज्याला म्हणायचं त्यानं ते द्यायचं असतं. देवानं दिलंय, म्हणून त्याला म्हणायचं. आबांनी न्हाई दिलं. पाया पड त्यांच्या." मी पाया पडले. मान वर केली तर आबा तुमच्याकडे बघत होते, जरा गोंधळून.

मग तुम्ही आवाज खाली आणलात. "आवं आबा, एक विचारते. तुमी तुमच्या आईला काय म्हणत व्हता?"

"तू. आईला कोन तुमी म्हनंल?"

"आन ती गेल्यावर कुणाला म्हणालात?"

आबा ओट्याखालच्या चपला नीट लावायला लागले.

"ह्या पोरीची आई गेली. घरात आत्याला तुमी, तुमाला तुमी. पोरीनं तुमचा मान काढला न्हाई. तिला तू म्हणायला मानूस पायजे व्हतं. तुमी नका देऊ, तुमचा हक्क हाय. पर रविवारी माझ्याकडं पाठवा. तितं देवाला तरी म्हणंल पोटभर."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग आत बघून म्हणाले, "बाईंना चा टाक गं." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः मला सायकलवरून तुमच्या दारात सोडलं. 'तू' त्यांनी मला कधीच दिलं नाही, मीही पुन्हा मागितलं नाही, आणि शेवटपर्यंत आमचं 'आवं आबा' सुखानं चाललं. पण रात्री अंथरुणात मी देवाला जे 'तू' म्हणायची ना, ते आईला म्हणायची तसं म्हणायची, आणि त्यामुळे मी जगले, बाई. हे मी वाढवून सांगत नाही.

नर्सिंगला सांगलीला निघाले तेव्हा तुम्ही वडूजच्या स्टँडवर आला होतात. फडक्यात भाकरी, वर चटणी. एसटी सुरू झाली, तुम्ही खिडकीच्या गजातून माझा हात धरलात आणि अगदी सहज, जणू चटणीत मीठ जरा जास्त झालंय असं सांगावं तसं म्हणालात, "आता मोठी झालीस. मला तू म्हणालीस तरी चालंल हं." मी म्हटलं, "हो बाई. तुम्ही जपून राहा." गाडी हलली. कराडपर्यंत मी मनातल्या मनात म्हणून बघत होते, जीभ वळेना. म्हटलं, दिवाळीला येईन तेव्हा म्हणेन, नाताळला म्हणेन. तुमच्या गेल्याची खबर आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. पोहोचले तोवर माती झाली होती.

हे सगळं लिहिता लिहिता त्या शेंडीवाल्या पोरीचं उत्तर सापडलंय असं वाटतं. तुमच्या धड्याची मेख 'तुम्ही'त नव्हतीच, मीच इतकी वर्षं चुकीच्या शब्दाला धरून बसले होते. ती 'दिलंय' या शब्दात होती. आजकालच्या बापांनी मुलांना ते मागायच्या आधीच देऊन टाकलंय, चांगलं आहे की! तिला विचारेन, बाबांनी दिलं म्हणून तू म्हणतेस ना? तसंच त्या तिघांनी आपल्याला दिलंय. आणि टीचरला का तुम्ही म्हणता, तर टीचरनं अजून दिलेलं नाही म्हणून. मग मी ते देईन. वर्ग हसेल, कदाचित पाळकसाहेब रागावतील. रागावू देत, मी चहा टाकेन त्यांना.

पण दुसऱ्याला द्यायचं तर मला मिळालेलं आधी मी वापरायला नको का? हे पत्र मी कुठे टाकणार आहे? वडूजच्या त्या दफनभूमीत पोस्टमन जात नाही. आणि खरं सांगू, एवढं सगळं लांबण लावलं ते शेवटच्या एका ओळीसाठी, ती लिहायची हिंमत होईना म्हणून. अजूनही हात थांबतोय. घरात कुणी नाही, तरी दार लोटून घेतलंय.

बाई, तू जेवलीस का गं?