उघडं कौतुक

४ सप्टेंबर
पोचले एकदाची! बसनं खालच्या रस्त्यावर सोडलं. दोन बोचकी घेऊन डोंगर चढले आणि भाड्याच्या घराच्या दारात धापा टाकत स्वतःलाच म्हटलं, "शाब्बास, असिमिना! चढलीस की गं!" पात्रा शहरातल्या दवाखान्यातल्या बाईंनी लावलेली ही सवय. माझा नवरा स्टाथिस बोटीसकट बुडाला, त्यानंतर आठ महिने मी अंथरूण सोडलं नव्हतं. बाई म्हणाल्या, मैत्रिणीशी बोलतेस तसं स्वतःशी बोल, बारीकसारीक गोष्टींना, मोठ्यानं. आधी हसू आलं, पण मी उठले ती त्यामुळेच. रोदूला, माझी सहा वर्षांची पोर, सासूबाईंकडे आहे. त्यांनी बजावलंय, संत दिमित्रीच्या सणापर्यंत, म्हणजे २६ ऑक्टोबरपर्यंत, इथली नोकरी टिकव, मगच पोर मिळेल. टिकवणार म्हणजे टिकवणार.

९ सप्टेंबर
गावातल्या मोर्फो मावशीच्या पावाच्या भट्टीत कामाला लागले, पोळ्या लाटते. लाटणं काठीएवढं लांब. आज पोळी आरपार दिसेल इतकी पातळ झाली, आणि फाटली नाही! "वा गं माझे हात!" म्हटलं, तर मावशी पिठाच्या हातांनीच धावत आली. थुंक म्हणे, तीनदा थुंक, फ्तू फ्तू फ्तू! कौतुक असं उघडं टाकतात होय गं, दृष्ट लागते! शहरात अक्कल विकून आलीस का? माझी आईही असंच करायची. मी नुसती हसले. दवाखान्यातल्या बाईंनी काही थुंकायला सांगितलं नव्हतं.

१७ सप्टेंबर
मागच्या भाडेकरणीनं सोडलेली लिंबाची कुंडी आता हिरवीगार झालीय. सकाळी म्हटलं, किती छान जगवलंस गं. मागून आवाज आला, छान जगवलंस. माझाच आवाज होता. रिकामं घर, घुमत असेल.
संध्याकाळी आले तर सगळी पानं खाली.

२ ऑक्टोबर
हात भाजला. सकाळी स्वयंपाकघरातून ऐकू आलं, वा गं माझे हात! मी तोंडही उघडलं नव्हतं. तासाभरात भट्टीच्या दारावर हात टेकला, कसा ते कळलंच नाही. मावशीनं मलम लावता लावता शिव्या घातल्या आणि रडलीसुद्धा. म्हणाली, तुझं कौतुक खाणारं काहीतरी बसलंय तिथं, त्याला चटक लागलीय. पोर यायचीय, बये, आता तरी तोंड आवर.

११ ऑक्टोबर
नऊ दिवस स्वतःशी एक शब्द नाही. घरही गप्प आहे. पण अंथरूण पुन्हा धरून ठेवायला लागलंय. आज उठायला तीन तास लागले. मावशीनं विचारलं, सणापर्यंत टिकशील ना गं? मान हलवली. रोदूलासाठी टिकेन.

२६ ऑक्टोबर
रोदूला आली! पुढचे दोन्ही दात पडलेत. इतकी — नको, लिहायचंसुद्धा नाही. दारातच तिच्यावर तीनदा थुंकले आणि म्हटलं, कुरूप गं माझी माकडी! इथल्या सगळ्या आया असंच म्हणतात. ती खुदकन हसली.

३० ऑक्टोबर
आज तिनं आपली वेणी आपण घातली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाट बघत. मी म्हटलं, वाकडी झालीय. सरळ होती, देवा, अगदी सरळ होती. तिचं तोंड एवढंसं झालं. पूर्वी तू शाब्बास म्हणायचीस ना गं आई, असं विचारलं तिनं. मी भांडी घासत राहिले.

३ नोव्हेंबर
चित्र. बुटाची गाठ. न सांडता आणलेलं दूध. दर वेळी मी वाकडं, कुरूप, फ्तू —
आता ती काही दाखवायला आणत नाही.

५ नोव्हेंबर
खोलीत एकटीच बोलत होती. शाब्बास रोदूला, किती छान घडी घातलीस! कुणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, तूच. तू भट्टीवर जातेस तेव्हा भिंतीतून बोलतेस ना माझ्याशी. ती आई चांगली आहे.

६ नोव्हेंबर
बोचकी बांधली. मावशीकडेच राहणार दोघी. तिचा भाऊ चार वाजता गाडी आणतोय.

साडेतीन. रोदूला घरात नाही —

खिडकीतून दिसतेय. धुराडं साफ करायला लावलेली शिडी — अर्ध्यावर आहे. वरून माझा आवाज. शाब्बास माझी राणी, किती छान चढतेस, आणखी एक पायरी —
हाक मारली. तिनं वळून पाहिलं आणि वरच चढली. वाकडी म्हणणाऱ्या आईचं कोण ऐकणार —
थुंकायला गेले, तोंड कोरडं पडलंय —

जाते. ओरडून सांगते तिला. वेणी सरळ होती गं, रोदूला, सरळ होती, इतकी सुंदर —