आत्याबाईंच्या पोटातले कागद

५ ऑगस्ट, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान सोडलं, की जे घडेल ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवायचं, कोर्टात उपयोगी पडतं. बाई आतापर्यंत माझ्या वकील होत्या, आजपासून मालकीणही झाल्या. तेव्हा पहिली नोंद अशी, की मी खूश आहे.

घर दोन खोल्यांचं आहे. लेक सात वर्षांची, तिला घरापेक्षा घराचा जिना जास्त आवडलाय. शाळाही जवळ मिळाली. तिच्या बापाला आमचा पत्ता ठाऊक नाही. पत्ता फक्त माझ्या दादाला माहीत आहे, आणि दादा एकदा गप्प बसला की बसला. काल रात्री दाराची कडी मी एकदाच तपासली. त्याचं घर सोडल्यापासून दहा महिन्यांत हे पहिल्यांदा घडलं.

ऑफिसात आम्ही तिघं. बाई, बारा वर्षं इथेच मुरलेले कारकूनकाका आणि टायपिंगपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं बघणारी मी. चौथ्या आत्याबाई. हे कपाटाएवढ्या प्रिंटरचं नाव. छापणं, स्कॅन करणं, मेल पाठवणं, सगळं त्याच करतात, आणि घरातल्या प्रत्येकाचं गुपित त्यांच्या पोटात असतं, म्हणून काकांनी हे नाव ठेवलं. माझं पहिलं काम म्हणजे माझ्याच घटस्फोटाची नोटीस छापणं. बाईंच्या लेटरहेडवर ती फार रुबाबदार दिसत होती.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज आत्याबाईंशी नीट ओळख करून घेतली. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये त्यांचा नंबर टाकला की त्यांचं एक पान उघडतं. टोनर किती उरला, कोणी काय छापलं, काय स्कॅन केलं, कुठे मेल केलं, सगळं त्यात असतं. पासवर्ड कारखान्यातून आला तोच. बारा वर्षांत कोणी हात लावलेला नाही, आणि विसरायला नको म्हणून झाकणाच्या आत स्टिकरवर लिहिलाय. कहर म्हणजे हे पान इंटरनेटवरून कुणालाही उघडता येतं. टोनरवाल्याने तशी सोय करून घेतलीय. त्याला दुकानात बसल्याबसल्या टोनर दिसतो आणि संपायच्या आत डबा हजर होतो. काका हे जावयाचं कौतुक करावं तसं सांगत होते. मी म्हटलं, किल्ली फाटकाला लटकवून आपण आत निवांत बसलोय. काकांना ते लागलं. बाई म्हणाल्या, या आठवड्यातल्या तारखा उरकू देत, मग बघू. मी नवी, त्यामुळे फार ताणलं नाही.

दुपारी लेकीचा प्रवेशाचा फॉर्म आणि घराचा भाडेकरार आत्याबाईंवर स्कॅन केला आणि तिथूनच शाळेला मेल केला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

नोटीस त्याला मिळाली. सहीची पोचपावती आली, ती तारीख टाकून फाईलला लावली. आता माझे वकील कोण, हे त्याला कळलं. बाई म्हणाल्या, कोर्टाचा मनाई हुकूम आहे, तो इकडे फिरकायची हिंमत करणार नाही. खरं आहे. तो कधीच कुठे फिरकायचा नाही. त्याचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. खुर्चीत बसून माझा फोन वाचायचा, आणि मी भाजी घेऊन आले की कुठल्या रस्त्याने गेले होते ते मलाच सांगायचा.

१९ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अकराला आत्याबाईंनी आपणहून एक कोरा कागद बाहेर टाकला. थोड्या वेळाने आणखी एक. काका म्हणाले, वय झालं बिचारीचं. मला राहवेना. पान उघडून नोंदी पाहिल्या. गेल्या बुधवारपासून रोज कोणीतरी बाहेरून आत येतंय. टोनरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, टोनर भरलेला आहे, महिनाभर त्याने बघितलेलंच नाही.

आत स्कॅन केलेल्या सगळ्या कागदांच्या प्रती साठून राहिल्यात. सहाशेच्या वर, कितीतरी अशिलांच्या. त्यातल्या दोनच कुणीतरी उघडल्यात. लेकीचा फॉर्म. भाडेकरार.

मला भीती वाटतेय. हे लिहायला लाज वाटत नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

पासवर्ड बदलला. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली. बाहेरची वाट बंद करणारा माणूस शुक्रवारी येणार, त्याआधी त्याला वेळ नाही. लेकीला घेऊन बाईंच्या घरी राहायला आले. तिला वाटतं आपण पाहुणे आलोय.

शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. भल्या आहेत. म्हणाल्या, तुम्ही सोडून दुसऱ्या कुणाच्याही हाती मुलगी देणार नाही. मात्र तसं सहीनिशी लिहून द्या, आणि कधी बदल असेल तर तोही तुमच्या ऑफिसच्या मेलवरून लेखीच कळवा. तोंडी निरोप चालणार नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं.

२१ ऑगस्ट, बुधवार

पत्र लिहिलं, सही केली, आत्याबाईंवर स्कॅन करून शाळेला पाठवलं. सवयीने. पासवर्ड बदललाय, मग कसली भीती?

लेक दोन दिवस घरात कंटाळली. बाई म्हणतात, पोरीला कोंडून किती दिवस ठेवणार. उद्या शाळेत सोडते. मीच सोडणार, मीच आणणार.

२२ ऑगस्ट, गुरुवार

८:००. लेकीला वर्गापर्यंत सोडलं. तिने मागे वळूनही बघितलं नाही. बरं वाटलं.

१२:०५. आत्याबाईंच्या छोट्या पडद्यावर नेहमी 'तयार' असं असतं. आता तिथे 'शेंगदाणा' लिहिलंय.

लेकीला या नावाने एकच माणूस हाक मारतो.

१२:०७. काकांना विचारलं, नवा पासवर्ड कुणाला सांगितला का. काका म्हणाले, "टोनरवाल्याचा फोन आला होता ना सकाळी. जुना चालेना म्हणाला, म्हणून दिला. का गं, काय झालं?"

टोनरवाल्याला विचारलं. त्याने फोन केलेलाच नाही.

१२:१०. वायर उपटली. पण त्याआधी नोंद बघितली. ११:५२ ला इथून एक मेल गेलाय. शाळेला. ऑफिसच्या पत्त्यावरून. माझंच कालचं पत्र — वरचा मजकूर नवा, खालची सही माझी. आज मुलीला वडील न्यायला येतील, त्यांच्याबरोबर पाठवावे —

शाळा साडेबाराला सुटते. शाळेचा फोन लागत नाही.

१२:१४. बाई कोर्टात, फोन बंद. पोलिसांना कळवलं. निघालो म्हणाले. काका स्कूटर काढतायत, सुरू होत नाहीये. काका रडतायत. शाळेचा फोन अजून —

१२:१९. लागत नाही. बाई म्हणाल्या होत्या वेळेसकट लिहा म्हणून लिहितेय, नाहीतर मी ओरडत सुटेन —

१२:२२. स्कूटर सुरू झाली. फोन लागला — मुख्याध्यापिकाच — म्हणतायत, काळजी करू नका, तुमची सही नीट पडताळून बघितली, मगच आत्ता आठ मिनिटांपूर्वी सोडली, बाबांना बघून इतकी पळत —