जया का रडत होती

कंग्राळी,
डिसेंबर १९८७

प्रिय जया,

दिवाळीला तू येऊन गेलीस आणि लगेच पत्र लिहायला बसणार होतो. पण रताळ्यांची काढणी निघाली, मग परशरामला ताप आला, आणि खरं सांगायचं तर काय लिहावं ते माझं मलाच उमगत नव्हतं. आज दुपारी घर रिकामं आहे. तुझी वहिनी शेतात गेलीय, परशराम शाळेत. आप्पा सोप्यात घोंगडं पांघरून पडलेत. झोप लागलेली नाही, नुसतेच डोळे मिटलेत. मी तुला लिहितोय हे त्यांना ठाऊक आहे.

म्हैस व्याली, रेडी झाली. मळ्यातल्या विहिरीचा कठडा ढासळलाय, तो उन्हाळ्यात बांधून घेऊ म्हणतो. आप्पांचा दमा थंडीनं वाढलाय. डॉक्टर म्हणतात, चालणं कमी करा. पण ते रोज सकाळी परशरामचा हात धरून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येतात. पोराला मी शाळेत घातलं तेव्हा त्यांनी मोडता घातला नाही. पहिल्या दिवशी टोपी घालून आपणहून पुढं झाले. फाटकाच्या आत मात्र अजून पाऊल टाकत नाहीत.

जया, आपल्यासारखी वाढलेली दुसरी माणसं मी पाहिली नाहीत. ज्यांना शाळा मिळाली नाही अशी पोरं गावात ढीगभर होती. कुणी गुरांमागं गेलं, कुणी धाकट्या भावंडाला काखेत मारून बसलं. आपल्याला शाळा मिळत होती आणि आपल्या बापानं, आप्पांनी, ती नको म्हटली. तोही स्वतः मास्तर असलेला बाप. खानापूरच्या बाजूला एका आडगावी सहा-सात वर्षं मुलं शिकवून त्यांनी राजीनामा दिला आणि शेतावर आले. आई विचारायची, "आवं, पोरांचं कसं हुईल?" ते म्हणायचे, "वर्गात पोरं माझ्याकडं बघून शिकत न्हाईत, छडीकडं बघून शिकत्यात. आपली पोरं असली नकोत मला." ते तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस.

पण पुढचं तुला आठवतं. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून आपण वाचायला शिकलो. अर्धी बातमी असायची आणि उरलेली अर्धी आप्पा आपल्याला रचायला लावायचे. कानडी शिकायला त्यांनी आपल्याला भीमाप्पाकाकांच्या घरी ठेवलं होतं. त्यांच्या म्हशींमागं हिंडता हिंडता तू अशी कानडी बोलायला लागलीस की घरी आल्यावरही आईला "अव्वा" म्हणत होतीस. मार्कंडेय नदीच्या काठानं चालत आप्पा आपल्याला किती आणि काय काय दाखवायचे. मला ते सगळं गोड लागलं. अजूनही लागतं.

माझं काही अडलं नाही असं नाही. बँकेत कर्जाच्या कागदावर शिक्षणाची ओळ आली की मी पेन थांबवून बसतो. गेल्या खेपेला कडोलीच्या साहित्य संमेलनाला गेलतो, तिथं शेजारच्या गृहस्थांशी छान गप्पा जमल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आपलं शिक्षण कुठवर?" मी म्हटलं, घरीच. त्यांना ती थट्टा वाटली, ते हसले. मीही हसलो. पण मला व्हायचं होतं शेतकरी आणि मी शेतकरी झालो. माझ्या वाटेवर दाखला मागणारं कुणी उभं नव्हतं.

तुझ्या वाटेवर होतं. अठराव्या वर्षी तू नर्सच्या ट्रेनिंगला नाव घालायला बेळगावला निघालीस, तेव्हा मी बरोबर होतो. खिडकीतल्या माणसानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. तू म्हणालीस, "मी शाळेत गेलेच न्हाई, पण मला लिवाय-वाचाय येतंय, कानडीबी येतंय, परीक्षा घ्या माझी." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, "बाळ, शाळा सोडायला आधी शाळेत जावं लागतंय." परतीच्या वाटेवर तू माझ्याशीही बोलली नाहीस. आणि आप्पांशी जे बोलणं थांबवलंस, ते आजतागायत. भांडली नाहीस, रुसून बसली नाहीस. "वैनी, आप्पास्नी जेवाय बोलवा," "अण्णा, आप्पांचं औषध सपलंय काय बघ." पाच वर्षं तू त्यांच्याशी असं दुसऱ्याच्या तोंडून बोलतेस. लग्नात त्यांच्या पाया पडलीस तेव्हासुद्धा मान वर केली नाहीस.

लग्न होऊन निपाणीला गेल्यावर तू बाहेरून दहावीला, एसएसएलसीला बसलीस. पहिल्या खेपेला गणितात राहिलीस, दुसऱ्या खेपेला पोर पोटात असताना पास झालीस. गेल्या श्रावणात मी तुझ्याकडं आलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तुला काम करताना पाहिलं. विड्या वळणाऱ्या बायका खोकत खोकत यायच्या आणि म्हणायच्या, "जयाक्का, सुई तूच टोच गं, तुझा हात हलका हाय." मी घरी येऊन हे आप्पांना सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

आता ज्यासाठी एवढा वेळ लावला ते लिहितो. आप्पांची एक आवडती गोष्ट आहे, तू ती शंभरदा ऐकली असशील. तू सहा वर्षांची असताना आईनं त्यांना न सांगता तुझी वेणी घालून तुला शेजारच्या अक्काताईबरोबर शाळेत पाठवलं. दुपारी आप्पांना कळलं. ते गेले आणि तुला खांद्यावर बसवून घेऊन आले. ते सांगतात, "पोरगी हुंदके देत हुती. एका सकाळीत शाळेनं तिचं तोंड सुकवलं हुतं." आल्यागेल्याला हे सांगून ते म्हणायचे, त्या दिवशी माझी खात्री पटली. मीही ते खरंच धरून चाललो होतो.

पाडव्याच्या सकाळी तू चुलीपाशी बसून तुझ्या वहिनीला त्या दिवसाचं सांगितलंस. म्हणालीस, बाईंनी तुला पुढं बोलावून फळ्यावर तुझं नाव लिहायला सांगितलं होतं. तू लिहिलंस, सगळ्या मुली तुझ्याकडं बघत होत्या, आणि तेवढ्यात दारात आप्पा दिसले. म्हणालीस, "वैनी, मी शाळंला भिऊन न्हाई रडले. उद्या परत इथं येता येणार न्हाई म्हणून रडले." जया, आप्पा तेव्हा मागल्या दारी पाय धूत होते. भिंत कुडाची आहे. तुझी वहिनी बाहेर आली तेव्हा ते तांब्या हातात धरून तसेच उभे होते.

गेल्या रविवारी बांधावर बसलो असताना त्यांनी मला सरळ विचारलं, "भरमू, माझं चुकलं काय रं?" मी म्हटलं, आप्पा, माझ्यापुरतं विचारत असाल तर न्हाई चुकलं. मी सुखात हाय. ते म्हणाले, "आनि तिच्यापुरतं?" मी म्हटलं, ते मला सांगता यायचं न्हाई, ते तिचं तीच सांगंल. यावर त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता स्वतःची बाजू मांडतील, छडीचं सांगतील. पण ते उठले आणि घराकडं चालू लागले.

काल सकाळी परशरामला सोडून आले आणि दारातच म्हणाले, मला निपाणीला जायचंय. मी म्हटलं, उद्याच जाऊ, एस्टीनं दोन तासांची तर वाट. तर म्हणाले, "तसं नको. त्या दिवशी पोरीला न इचारता उचलून आणली. आता न इचारता तिच्या दारात जाऊन हुभा ऱ्हानार न्हाई. तू तिला लिव, आप्पा येऊ का म्हनून इचारत्यात. न्हाई म्हनाली तरी चालंल, पन मला इचारू दे." म्हणून हे पत्र. त्यांच्या वतीनं मी काही गोड शब्द घालणार नाही, आणि तू हो म्हणावंस म्हणून तुला गळही घालणार नाही. तुझ्या मनात जे असेल ते लिही. फक्त पाकिटावर या खेपेला माझं नाव घालू नकोस, त्यांचं घाल. आप्पांना तुझं पत्र स्वतः उघडू दे.

तुझाच भाऊ, आणि एवढ्यापुरता आप्पांचा निरोप्या,
भरमूअण्णा